लूप ७ किलोमीटरचा, पण मागे कुठून फिरायचं ते ठरवलंयस का?

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, आई-बाबा, दादा आणि त्याचा ८ वर्षांचा मुलगा यांना घेऊन एका सबट्रॉपिकल (उष्ण, दमट) नेचर प्रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव निसर्गक्षेत्रात, लूप हाइक करायची आहे, म्हणजे गोल फिरून निघालो तिथेच परत यायचं. लूप ७ किलोमीटरचा, एकूण चढ १५० मीटर, बोर्डवर लिहिलंय 'सोपा, अडीच तास'. एका बाजूला उघडं गवताळ माळ आणि बऱ्यापैकी चढ, दुसऱ्या बाजूने हळूहळू उतरणारी दाट झाडी आणि शेवटी दलदलीवरून लाकडी फळ्यांचा रस्ता. नकाशात मध्येच एक तुटक रेघ पण दिसते. बाबा ६६ चे, ब्लड प्रेशरची गोळी चालू, एक गुडघा दुखतो. दोन तारखा डोक्यात आहेत, एक उन्हाळी सुट्टीतली आणि एक थंडीतली. दादा म्हणतो एवढं काय प्लॅनिंग करायचं, सोपा तर आहे, जाऊ आणि येऊ. मला मात्र टेन्शन आलंय. मी उगाच घाबरतेय का?"

अगं, नाही, उगाच अजिबात नाही. तू ताई म्हणालीस म्हणून मी पण सरळ एकेरीतच लिहिते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पहिली गोष्ट हीच वाटली की तू योग्य त्या गोष्टी टिपल्यास, उघडा माळ कुठे, झाडी कुठे, फळ्या कुठे, गुडघा, गोळी. निम्मं प्लॅनिंग तर पत्र लिहितानाच झालंय तुझं.

आता दादाचं म्हणणं. रस्ता सोपा आहे हे खरंच आहे, पण बोर्डवर जे 'सोपा' लिहिलेलं असतं ना ते अंतर आणि चढ बघून लिहिलेलं असतं, त्यात हवा धरलेली नसते, आणि सबट्रॉपिकल भागात खरी दमछाक हवेनेच होते. एक उदाहरण सांगते, फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कमध्ये शार्क व्हॅली नावाचा लूप आहे, जवळजवळ २४ किलोमीटर, डांबरी, अगदी सपाट, चढ म्हणून नाहीच, मध्यावर एक निरीक्षण टॉवर आणि बाकी सगळीकडे मोकळं गवताळ पाणथळ. तिथे सावली जवळजवळ नाहीच आणि एकदा निघालं की मध्ये शॉर्टकट नाही, म्हणजे टॉवरपर्यंत पोचून कोणाला वाटलं की बस झालं, तरी पुढे जा नाहीतर मागे जा, अंतर साधारण तेवढंच. तुमचा लूप त्याच्या एक तृतीयांशसुद्धा नाहीये, घाबरवायला नाही सांगत, पण सपाट आणि सोपा हे दोन वेगळे शब्द आहेत एवढं दादाला नक्की सांग.

दमट हवेत नक्की काय होतं ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घाम येतो म्हणून आपण गार होत नाही, घाम वाळतो म्हणून गार होतो. हवा आधीच ओलसर असली की घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो, शर्ट पाठीला चिकटतो, हनुवटीवरून थेंब पडतात, आणि आतलं शरीर तापतच राहतं. ३२ डिग्री आणि ७० टक्के दमटपणा असेल तर अंगाला जाणवणारी गरमी ४०-४१ डिग्रीची असते, आणि हा हिशोब सावलीतला आहे, थेट उन्हात त्यात अजून ८ डिग्रीपर्यंत भर पडू शकते. म्हणून हवामानाच्या अॅपमध्ये नुसतं तापमान बघू नकोस, 'फील्स लाइक' वालं बघ आणि तुम्ही माळावर असाल त्या तासाचं बघ, पूर्ण दिवसाचा एकच आकडा बघून काही कळत नाही.

त्यामुळे तारखेचं उत्तर माझ्याकडून तरी एकदम स्पष्ट आहे, थंडीतली घे. जिथे उन्हाळ्यात पाऊस पडतो अशा बहुतेक सबट्रॉपिकल जागांना हिवाळा म्हणजे कोरडा, सौम्य, डास कमी, पायवाट कोरडी, पाणथळ जागी पक्षी भरपूर. (दक्षिण गोलार्धात जाणार असाल तर हेच महिने जून ते ऑगस्ट होतात, हे लक्षात ठेव, लोक बुकिंग करताना विसरतात.) फक्त दिवस लहान असतो, तर सूर्यास्ताची वेळ आणि प्रिझर्व्हचं गेट बंद व्हायची वेळ दोन्ही बघ, कधीकधी गेट सूर्यास्ताच्या आधीच बंद होतं. आणि सुट्टीच नाही म्हणून उन्हाळ्यातलीच घ्यावी लागली तर मग उजाडताना चालायला लागायचं, थोडं उशिरा निघालो तरी चालेल वगैरे त्या दिवशी चालणार नाही. शरीराला गरम दमट हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तुम्ही सगळे जर वर्षभर एसीत बसणारे असाल तर पहिल्याच दिवशी ७ किलोमीटर हे जरा जास्तच आहे, तेव्हा एखादा छोटा २-३ किलोमीटरचा बोर्डवॉक, म्हणजे नुसता फळ्यांचा रस्ता, करून या आणि खूश राहा.

वेळेचा हिशोब. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम दिला होता, तो आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि दर ६०० मीटर चढाला वरून अजून १ तास. तुमचे ७ किलोमीटर म्हणजे १ तास २४ मिनिटं, १५० मीटर चढाची १५ मिनिटं, झाली १ तास ३९ मिनिटं. पण हा हिशोब धडधाकट माणूस न थांबता चालला तर. बोर्डवाल्यांनी त्यात थोडी भर घालून अडीच तास लिहिलेत. तुमच्यात एक दुखरा गुडघा आहे आणि एक ८ वर्षांचा मुलगा आहे जो प्रत्येक कोळ्याच्या जाळ्यापाशी थांबणार आहे (थांबू दे, त्यासाठीच तर जायचं), म्हणून मी सरळ दुप्पट करते आणि वर बसण्या-खाण्याचा अर्धा-पाऊण तास. म्हणजे ४ तास. सकाळी ७ ला चालायला सुरुवात, ११ ला गाडीपाशी. हा आकडा सगळ्यांना आधीच सांगून ठेव, अडीच तास ऐकून आलेल्या माणसाला तिसऱ्या तासात वाटायला लागतं की आपण मागे पडलोय आणि मग तो घाई करतो, आणि ओल्या फळ्यांवर घाई करणं हे सगळ्यात वाईट.

आता दिशा, म्हणजे लूप कुठल्या बाजूने फिरायचा. बरेच लोक हा विचारच करत नाहीत, गेटमधून आत गेलं की बाण दिसेल तिकडे चालायला लागतात. तुमच्या लूपला दोन बाजू अगदी वेगळ्या आहेत म्हणून हे फार महत्त्वाचं आहे. उघडा माळ सकाळी गार असताना संपवायचा, झाडी ऊन चढल्यावर. त्यात तुझ्या वर्णनावरून तीव्र चढ माळाच्या बाजूला आहे आणि उतार झाडीतून हळूहळू आहे, हे तर बाबांच्या गुडघ्यासाठी एकदम बरोबर बसतं, कारण दुखऱ्या गुडघ्याला चढ फारसा बोलत नाही, उतार बोलतो. तीव्र बाजूने चढायचं, सौम्य बाजूने उतरायचं. उलट फिरलात तर ऐन १० वाजता उघड्या माळावर तीव्र उतार, आणि ते मला नकोच वाटतंय. बाबांना दोन वॉकिंग पोल दे, एक नको, दोन दे, उतरताना गुडघ्यावरचा भार बराच कमी होतो, आणि आधी घराजवळ दोन-चार दिवस ते घेऊन चालू दे त्यांना, नाहीतर तिथे जाऊन म्हणतील मला काठी कशाला. झाडीची बाजू उशिरा घेण्याचा अजून एक फायदा म्हणजे पहाटेचे डास तोपर्यंत कमी झालेले असतात.

एकच तोटा, फळ्यांचा रस्ता शेवटी येतो, पाय थकलेले असताना. सावलीतल्या फळ्यांवर एक बारीक हिरवट थर धरलेला असतो, लांबून तो दिसत नाही, फळी नुसती ओली आणि जराशी गडद वाटते, पण पाय टेकला की साबणासारखा सरकतो. काही ठिकाणी वरून तारेची जाळी ठोकलेली असते, ती असली तर उत्तम, जाळीवरच पाय टाकायचा. नसली तर खिळ्यांची ओळ बघायची, फळीला जिथे खिळे ठोकलेत तिथे खाली आधाराचं लाकूड असतं, त्या ओळीवर पाय टाकला की फळी दबत नाही. पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवून, आणि फोटो काढायचा तर आधी थांबायचं, चालता चालता नाही. भाच्याला सांग की इथे खिळ्यांच्या ओळीवरूनच चालायचा खेळ आहे, तो सगळ्यात छान करेल बघ.

आता मला जे खरं सांगायचंय ते. जाऊन त्याच वाटेने परत यायच्या ट्रेलवर दमलं की मागे फिरता येतं आणि पुढे काय आहे ते माहीत असतं कारण आपण तिथूनच आलेलो असतो. लूपमध्ये तसं नसतं. लूपचा दुसरा अर्धा भाग तुम्ही बघितलेलाच नसतो आणि अर्ध्याच्या पुढे गेलात की मन म्हणतं आता मागे जाण्यापेक्षा पुढेच जवळ. ते बहुतेक वेळा खरंही असतं, आणि म्हणूनच निर्णय अर्ध्याच्या आधी घ्यायचा असतो, अर्ध्यावर पोचून नाही.

माझ्या आईला घेऊन मी एका अशाच ५ किलोमीटरच्या लूपला गेले होते. दोन किलोमीटर झाले तेव्हा आई गप्प झाली होती, ती एरवी बोलत चालणारी बाई, मला जाणवलंही होतं पण मी म्हटलं आता अर्धं तर होत आलंच, पुढे सावली आहे, जाऊ. साडेचार किलोमीटरला, म्हणजे गाडी अर्ध्या किलोमीटरवर असताना, फळ्यांचा रस्ता पाण्याखाली होता, आदल्या आठवड्यातल्या पावसाने, आणि आडवी टेप लावून बंद केलेला. सूचना लावलेली होती, पण लूपच्या त्या दुसऱ्या टोकाला, आम्ही निघालो त्या बाजूला काहीच नव्हतं. मग साडेचार किलोमीटर मागे. ५ चा लूप ९ चा झाला, पाणी ५ च्याच हिशोबाचं होतं. शेवटचा किलोमीटर आई दर पन्नास पावलांना थांबत होती आणि मी तिची बॅग घेऊन मागे चालत होते, काही बोलता येत नव्हतं. नीट पोचलो, तिला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी कुठलाही लूप 'बंद असेल तर किती चालावं लागेल' हे धरूनच मोजते.

तर तू तीन गोष्टी आधी ठरव. पहिली, आदल्या दिवशी प्रिझर्व्हच्या ऑफिसला फोन कर आणि विचार की पूर्ण लूप खुला आहे का, फळ्यांच्या रस्त्यावर पाणी आहे का, ती तुटक रेघ म्हणजे चालू असलेला मधला शॉर्टकट आहे की जुनी बंद झालेली वाट आहे. खारफुटीचा भाग असेल तर भरती-ओहोटीची वेळ पण विचार, काही वाटा भरतीला पाण्याखाली जातात. काही प्रिझर्व्हमध्ये ठरवून गवत जाळतात, मोठे वणवे लागू नयेत आणि गवताळ माळ टिकावा म्हणून, त्या दिवशी तो भाग बंद असतो, काही ठिकाणी ठराविक महिन्यांत शिकारीला परवानगी असते, हे पण विचारलेलं बरं. पाच मिनिटांचा फोन आहे गं, पण याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काहीच नाही.

दुसरी, मागे फिरायची जागा. नकाशावर अडीच किलोमीटरला, चढ संपतो तिथे किंवा एखादी ओळखता येईल अशी खूण असेल तिथे बोट ठेव. तिथे सगळे बसणार, दहा-पंधरा मिनिटं, पाणी, काहीतरी खारट खाणं, आणि तिथे ठरवायचं पुढे की मागे. तिसरी, मागे फिरायची वेळ. त्या जागेला ९ वाजेपर्यंत पोचलो नाही तर कोण कितीही फ्रेश असलं तरी तिथूनच परत. वेळ घड्याळात असते त्यामुळे त्यावर वाद होत नाही, 'मला वाटतं' यावर होतो.

आणि वाद होणार, कारण तुझ्या पत्रातलं खरं टेन्शन ते आहे असं मला वाटतं. बाबा दमले तरी म्हणणार मी ठीक आहे. त्या वयाच्या बऱ्याच बाबांचं तेच असतं, नातू बरोबर असला की तर अजूनच. म्हणून 'बाबा दमलात का' हा प्रश्न विचारूच नकोस, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. त्यापेक्षा बघ. ते चालता चालता पूर्ण वाक्य बोलू शकतायत का, की दोन शब्दांवर श्वास घेतायत. थांबल्यावर तीन-चार मिनिटांत श्वास जागेवर येतो का. बाटलीतलं पाणी किती कमी झालंय. आणि मागे फिरायचं झालं तर कारण त्यांच्यावर टाकू नकोस, '९ वाजले, ठरल्याप्रमाणे फिरतोय' एवढंच म्हण, माणसाला आपल्यामुळे सगळ्यांचा दिवस गेला असं वाटलं की पुढच्या वेळी तो येतच नाही.

दादाशी मात्र आधीच बोल, तिथे जाऊन नाही. त्याला म्हण की दादा, तू पुढे चालायचं आणि प्रत्येक फाट्यावर थांबायचं, सगळे आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही, आणि ९ चं घड्याळ तुझ्याकडे. काम दिलं की माणूस प्लॅनमध्ये येतो. सगळ्यात मागे तू, मध्ये बाबा, आणि वेग बाबांचा, पुढच्याच्या मागे धावून नाही तर बाबा चालतील तसा. आईबद्दल तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे ती ठणठणीत असणार असं धरते, पण तिलाही विचार बाई, ती बहुतेक सगळ्यांचं सामान उचलायला निघेल.

पाणी. गरम हवेत चालताना मोठ्या माणसाला तासाला पाऊण ते एक लिटर लागू शकतं, थंडीत अर्ध्या लिटरच्या आसपास. उन्हाळ्यातलीच तारीख घेतलीत तर ४ तासांना माणशी ३ लिटर धर, थंडीत २, आणि वर एक जास्तीची बाटली दादाच्या बॅगेत, ती शेवटपर्यंत उघडायची नाही. दर १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट, तहान लागायची वाट न बघता. पण एकदम ढसाढसा पण नाही, तासाला दीड लिटरच्या आतच, नुसतं पाणी खूप प्यायलं आणि मीठ गेलं नाही तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं, अगदी ऊन लागल्यासारखंच दिसतं. म्हणून खारवलेले दाणे, खारी बिस्किटं असं काहीतरी, आणि ओआरएसची दोन-तीन पाकिटं. बाबांच्या बाबतीत मीठ आणि ओआरएस दोन्हीबद्दल डॉक्टरांना विचारून, कारण त्यांना बीपी आहे. आणि गोळीबद्दल पण विचार. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या असतात त्याने शरीरातलं पाणी कमी होतं, बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळ्यांनी हृदयाचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत, दोन्हीमध्ये गरमी कमी सहन होते. गोळी स्वतःहून बंद करायची किंवा त्या दिवशी चुकवायची नाही हं, फक्त विचारायचं.

ऊन लागल्याची खूण सगळ्यांना माहीत असू दे, भाच्याला सुद्धा. चक्कर, डोकेदुखी, खूप घाम, पायात गोळे, मळमळ, इथपर्यंत असेल तर सावलीत झोपवायचं, पाय थोडे वर, कपडे सैल, मानेवर-काखेत-कपाळावर ओलं फडकं, वारा घालायचा, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं, आणि वाटलं तरी हाइक तिथे संपली. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, चिडचिडला, तोल जातोय, नाव विचारलं तर गोंधळतोय, तर तो उष्माघात, घाम येत असला तरीही. तिथे आधी इमर्जन्सीला फोन आणि ताबडतोब अंगावर मिळेल ते सगळं पाणी, पिण्याचं असलं तरी ओतायचं आणि वारा घालत राहायचं. तोंडात पाणी घालायचं नाही. आधी गार करायचं, मग हलवायचं.

उन्हाळ्यात अशा भागात दुपारचा गडगडाट जवळपास रोजचाच असतो, सकाळी निरभ्र आणि १-२ वाजता काळं. म्हणूनही ११ ला बाहेर. मध्येच गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचू शकेल इतकी जवळ आहे, मोजत बसू नका, माळावर असाल तर जवळचा रस्ता पकडून गाडीकडे, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं गाडीतून उतरायचं नाही. भिजलं तर भिजलं.

किड्यांचं जास्त टेन्शन नको पण तयारी हवी. फिक्या रंगाची फुल पँट, पायमोज्यात खोचलेली. चांगली दिसत नाही, पण गोचीड पटकन दिसते. गवताच्या टोकावर ती पुढचे पाय पसरून बसलेली असते आणि तुम्ही घासून गेलात की चिकटते, म्हणून वाटेच्या मधून चाला, कडेच्या गवताला न लागता. लहान गोचीड तिळापेक्षाही लहान असते आणि मोज्याच्या शिवणीत, पट्ट्याखाली, गुडघ्याच्या मागे, केसांच्या कडेला बसते. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची, हळू आणि एकसारखी, पिळायची नाही, तेल किंवा काडी लावायची नाही. डासांसाठी अंगाला लावायचं औषध, २० ते ३० टक्के डीट असलेलं किंवा पिकॅरिडिनवालं, आधी सनस्क्रीन आणि ते मुरल्यावर हे, आणि भाच्याला तुम्ही लावा, त्याच्या हातांना नको कारण हात तोंडात जातात.

साप, मगरी-अॅलिगेटर यांचं एवढंच की जिथे दिसत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही, ओंडका ओलांडायचा तर आधी त्यावर उभं राहून पलीकडे बघायचं, पाण्याच्या कडेला मुलगा मोठ्यांच्या पुढे नको, आणि कोणालाही खायला घालायचं नाही, माणसांकडून खायला मिळायची सवय लागलेला प्राणी शेवटी माणसांसाठी धोक्याचा होतो आणि मग मरतो तोच. चावलाच साप तर माणसाला बसवा, तो पाय हलू देऊ नका, अंगठी-बूट-पैंजण काढा, फोन करा. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही.

बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले. सुती मोजे नकोत, ते ओले झाले की फोड येतात, आणि प्रत्येकाला एक जादा जोड, बसायच्या जागी बदलायला, बाबांना तर नक्की, कोरडा मोजा घातल्यावर माणूस परत माणसात येतो.

फोनचं असं कर की नकाशा घरूनच ऑफलाइन डाउनलोड, आणि सुरुवातीच्या बोर्डवरच्या नकाशाचा फोटो. तिथे गेल्यावर एअरप्लेन मोड, जीपीएसला नेटवर्क लागत नाही, उलट जंगलात फोन सिग्नल शोधत बसतो आणि त्यातच बॅटरी संपते. दाट झाडीत तो निळा ठिपका थोडा इकडेतिकडे उडतो, घाबरू नका, झाडांवरच्या रंगाच्या खुणा बघत राहा. खूण दिसेनाशी झाली की पुढे शोधत जायचं नाही, शेवटची जिथे दिसली होती तिथे मागे यायचं. ते खुणा शोधायचं काम पण भाच्यालाच दे, त्याच्या उंचीवरून त्याला बरंच काही दिसतं जे आपल्याला दिसत नाही. आणि त्याच्या गळ्यात एक शिट्टी, तीन वेळा वाजवली की मदत हवी, हे आधी घरी शिकवून.

वहिनी घरी असणार असं पत्रावरून वाटतंय, तर तिला आदल्या रात्री मेसेज करून ठेव: कुठलं प्रिझर्व्ह, कुठला लूप, कुठल्या बाजूने फिरतोय, गाडीचा नंबर, ऑफिसचा नंबर, ११ ला बाहेर येणार, १ वाजेपर्यंत फोन आला नाही तर तू ऑफिसला फोन कर. आणि बाहेर आल्या आल्या, बूट काढायच्या आधी, तिला फोन कर. अर्ध्यातून परत आलात तरी कर, आणि मलाही दोन ओळी लिही, बाबांना फळ्या आवडल्या का ते मला ऐकायचंय.